खुराक खाऊन मेंढरं फाटकापाशीच उभी राहतात, लावलेलं गवत तसंच पडून. काय करावं?

माणदेशी_वाडा

राम राम मंडळी. म्हसवडच्या अलीकडं आमची वस्ती आहे. घरची ३८ मेंढरं, सगळी दख्खनी. मामंजींच्या काळात दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड सगळं, कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून परत यायचा. आता त्यांचे गुडघे गेले, ह्यांची नोकरी बाहेर, म्हणून मेंढरं वस्तीवरच ठेवायची ठरलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. तक्रार नाही, मला आवडतं. विहिरीखालच्या दोन एकरांत मारवेल गवताची ठोंबं लावली, मधल्या ओळींत स्टायलो हा द्विदल चारा पेरला, बांधानं दशरथ घास. जाळी मारून चार भाग केलेत. गवत दृष्ट लागावी असं आलंय, गुडघ्याच्या वर.

पण मेंढरं ते खातच नाहीत. म्हणजे खातात, पण कशी ते सांगते. सकाळी सातला मी शेडात खुराक घालते. मक्याचा भरडा, सरकी पेंड आणि गहू भुसा, डोई साधारण ३०० ग्रॅम. वरून गाईचं मिनरल मिक्श्चर चिमूटभर, ते घरात होतंच. गव्हाणी चाटूनपुसून झाल्या की फाटक उघडते. आत शिरली की आधी स्टायलोचे शेंडे कुरतडणार, मारवेलची वरवरची पानं ओरबाडणार आणि नऊ वाजायच्या आत लिंबाखाली बसून रवंथ सुरू. मग दिवसभर तोंड फाटकाकडं. मी हातात नुसती पाण्याची बादली घेऊन निघाले तरी सगळा खांडवा धावत येतो. फाटकाजवळचं गवत मातीपर्यंत खरवडून निघालंय आणि पलीकडच्या टोकाला मारवेल फुलोऱ्यात येऊन काडी झालाय.

मामंजी म्हणतात, "चहा-बिस्किटावर पोट भरलेलं पोर भाकरीला बसतंय व्हय? बंद कर ती पेंड." शेजारचे गोठेवाले म्हणतात खुराक कमी पडतोय म्हणून वाट बघत बसतात, सरळ अर्धा किलो करा. पेंडीच्या पोत्याचा भाव बघता दुसरा सल्ला मला परवडणारा नाही, पण पहिला ऐकायची भीती वाटते, कारण १४ मेंढ्या गाभण आहेत आणि पौष-माघात विणार. त्यातल्या दोन-तीन गरीब आहेत, त्यांना बाकीच्या गव्हाणीत तोंड घालू देत नाहीत.

खुराक बंद करू, कमी करू की वेळ बदलू? इथंच लिहा, मामंजींना वाचून दाखवायचं आहे.

निवृत्त_पशुवैद्य (फलटण)

ताई, मामंजींचं निम्मं बरोबर आहे. गोठेवाल्यांचं अजिबात नाही. त्यांचा हिशेब दावणीच्या गाईचा आहे. तिच्यापुढे चारा तुम्ही टाकता. चरणाऱ्या मेंढीला चारा स्वतः हिंडून, तोडून, निवडून खायचा असतो, आणि हिंडायचं की नाही हे तिच्या पोटातली भूक ठरवते.

मेंढी दिवसातून दोनदा जोर लावून चरते. एकदा तांबडं फुटल्यापासून ऊन तापेपर्यंत आणि नंतर चारपासून दिवस मावळेपर्यंत. मधे थोडंफार तोंड चालतं, बाकी वेळ बसून रवंथ. दोन्ही मिळून सात-आठ ते दहा तास चरणं होतं, गवत विरळ असेल तर त्याहून जास्त. तुम्ही खुराक देता तो नेमका सकाळच्या चरणीच्या तोंडावर. रात्रभर रिकामी झालेली कोठी, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, भरड्यानं भरली की तिला पाय उचलायचं कारण राहत नाही.

आता आकडे बघा. दख्खनी मेंढी ३० किलोच्या आसपास धरा. तिला दिवसाला कोरड्या वजनात अंदाजे एक किलो चारा लागतो, म्हणजे हिरवा मारवेल चारेक किलो. तुमच्या ३०० ग्रॅम खुराकातून जेवढी ऊर्जा मिळते तेवढी मिळवायला तिला दीड किलोच्या आसपास हिरवं गवत तोडावं लागलं असतं. ते ती तोडत नाही, एवढाच प्रकार आहे. गवत चांगलं असताना धान्य दिलं की धान्य गवतात भर घालत नाही, गवताची जागा घेतं. एक किलो धान्यामागे अर्धा किलो कोरडं गवत तर सुटतंच, गवत कोवळं आणि मुबलक असेल तर जवळपास किलोभरही सुटतं. म्हणजे पेंडीचे पैसे देऊन तुम्ही फुकटचा मारवेल वाळवताय.

दुसरी गोष्ट पोटातली. मक्यातला स्टार्च कोठीत भराभर आंबतो, आंबटपणा वाढतो आणि गवताचा तंतू पचवणारे जंतू मंदावतात. गवत पोटात जास्त वेळ पडून राहतं, पोट भरलेलं राहतं, मेंढी आणखी कमी चरते. तुमच्या मिश्रणात भुसा आहे म्हणून हे थोडं सौम्य होत असेल. नुसता मका घालणारे लोक आहेत, त्यांच्या मेंढ्यांच्या लेंड्या पातळ झालेल्या मी कितीदा बघितल्यात.

आता करायचं काय.

रिकाम्या मेंढ्यांचा आणि नराचा खुराक सध्या हळूहळू बंद करा. आठ-दहा दिवसांत उतरवा, एका दिवसात नको. गुडघाभर मारवेल आणि त्यात स्टायलो असताना त्यांना पेंडीची गरज नाही. पुन्हा नर सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे थोडा चालू करता येईल, त्यानं माजावर येणं सुधारतं.

गाभण मेंढ्यांचा मात्र बंद करायचा नाही, इथे मामंजींशी माझा वाद आहे. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात कोकराची बहुतेक वाढ होते आणि त्याच वेळी कोकरू कोठीला दाबत असतं, त्यामुळे तिची इच्छा असली तरी गवत मावत नाही. तिला २०० ते २५० ग्रॅम द्या. दख्खनी बहुधा एकच कोकरू देते म्हणून एवढ्यावर भागतं. आमच्याकडे फलटणच्या निंबकरांच्या संस्थेनं बंगालमधल्या गरोळ मेंढीचं जनुक दख्खनीत आणून जी नारी सुवर्णा तयार केली, ती बऱ्याचदा जुळी देते, तिचं गणित वेगळं. लोक एकच तक्ता सगळ्यांना लावतात, त्याचा मला फार राग येतो.

वेळ. खुराक दुपारी एकच्या सुमारास द्या, मेंढ्या सावलीला बसलेल्या असतात तेव्हा. त्यांच्या दोन्ही चरण्या मोकळ्या राहतात. संध्याकाळी शेडात आल्यावर देणारे बरेच आहेत, पण चार दिवसांत मेंढी शिकते आणि पाचलाच घराकडे तोंड करते. त्यामुळे संध्याकाळचं, म्हणजे दिवसातलं सगळ्यात चांगलं चरणं जातं. दिवसभराच्या उन्हानं पानात साखर साठते, त्यामुळे दुपारनंतरचं गवत तिला जास्त गोड लागतं.

जागा. गव्हाण शेडातून काढा आणि पलीकडच्या टोकाला, जिथे मारवेल काडी झालाय तिथे न्या. पाण्याची टाकीही तिकडेच. खुराक संपला की मेंढी तिथेच गवताला तोंड लावते. गाभण मेंढीला गव्हाणीवर फूटभर तरी जागा हवी, म्हणजे १४ मेंढ्यांना दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी सात-आठ फुटांची गव्हाण. तुमच्या गरीब मेंढ्यांचा प्रश्न खुराकाच्या मापात नाही, गव्हाणीच्या लांबीत आहे.

आणि ते गाईचं मिनरल मिक्श्चर आजच बंद. त्यात तांबं मेंढीच्या मानानं फार असतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी डोळे पिवळे, लघवी काळसर होऊन मेंढी जाते. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिश्रण मिळतं. मिळेपर्यंत साधं खडेमीठ चाटायला ठेवा.

जतचा_माडग्याळकर

डॉक्टरांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त मेंढक्याच्या बाजूनं बोलतो. ताई, तुमच्या खांडात म्होरकी कोण आहे ते ओळखलंय का? फाटकाशी जी सगळ्यात आधी जाऊन उभी राहती, ती. बाकीची तिच्याकडं बघून उभी राहत्यात. बकरं स्वतःच्या डोक्यानं कमी आणि दुसऱ्याच्या शेपटीमागं जास्त चालतंय. तिला गळ्यात दोरी घालून सकाळी पहिल्यांदा पल्याडच्या टोकाला न्या, दशरथाची फांदी समोर धरा. बाकीची आपोआप येत्यात. आठवडाभर करा, वळण लागतंय.

आमची माडग्याळ उंच, तोंडाला बाक असलेली, दख्खनीपेक्षा अंगानं बरीच मोठी. तिला नुसत्या माळावर भागत नाही, खुराक लागतोच. पण आम्ही उपाशी पोटी कधी देत नाही. आधी चरून यायचं, डावी कूस भरलेली दिसली पाहिजे, मग गव्हाण. ज्याची कूस खोल त्याला हाकलून परत रानात.

अजून एक. चार भाग केलेत ते चांगलं, पण चारीची फाटकं एकाच कोपऱ्यात आलीत का? तसं असंल तर मेंढरू कुठल्याबी भागात असलं तरी त्याच कोपऱ्याला चिकटणार.

बंदिस्त_पालन

एवढा खटाटोप कशाला? मारवेल कापा, कुट्टी करा, गव्हाणीत टाका. चरायला सोडायची पद्धत आता जुनी झाली. गवत तुडवून वाया जातं ते वेगळं.

निवृत्त_पशुवैद्य (फलटण)

कापून घालता येतं, नाही कोण म्हणतंय. पण रोज शे-दीडशे किलो हिरवं कापायचं, वाहायचं, कुट्टी करायची आणि शेडातल्या लेंड्या परत रानात टाकायच्या, हे सगळं एकटीनं. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला असतो. त्यानं ती काडी बाजूला सारून पान उचलते, जमिनीलगतची फूट घेते. कुट्टीत तुम्ही तिला काडीसकट खायला लावता आणि मग राहिलेलं प्रथिन पेंडीतून भरता. ताईंच्या घरी माणसं किती आहेत ते त्यांनी लिहिलंय, ते वाचून सल्ला द्या.

पर्थकर

मी मूळचा विट्याचा, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या पूर्वेला गव्हाच्या पट्ट्यात धान्याच्या कामात आहे. मेंढ्या माझ्या नाहीत, पण रोज बघतो. इथला उन्हाळा डिसेंबरपासून, तेव्हा मेंढ्या कापलेल्या गव्हाच्या धसकटांत आणि वाळक्या कुरणात असतात. त्यांना ल्युपिन नावाचं कडधान्य देतात. त्यात प्रथिन ३० टक्क्यांच्या आसपास आणि स्टार्च अगदी थोडा.

गंमत म्हणजे रोज देत नाहीत. आठवड्याचं माप दोन वेळांत विभागतात. ट्रॅक्टरमागच्या पेटीतून रानात लांबच लांब रेघ ओढत जातात. दोन फायदे मी डोळ्यांनी बघितलेत. रेघ लांब असल्यामुळे दुबळ्या मेंढीलाही तोंड घालायला जागा मिळते. आणि मधल्या दिवसांत मेंढ्या गाडीची वाट बघत बसत नाहीत, चरायला पांगतात. रोज ठरल्या वेळी गाडी गेली की कुंपणाला येऊन उभ्या राहतात, अगदी तुमच्यासारखंच.

गहू किंवा बार्ली द्यायची असेल तर मात्र इथले शेतकरी फार जपतात. थोड्यापासून सुरू करून दोनेक आठवड्यांत पूर्ण मापावर आणतात, नाहीतर आम्लानं मेंढ्या मरतात.

आणखी एक इथलं. पहिला पाऊस पडून हिरवी कोंबं आली की मेंढ्या वाळलेलं सोडून त्या कोंबांच्या मागे दिवसभर चालत राहतात. पोट भरत नाही आणि कुरणही उठत नाही. म्हणून बरेच जण तेव्हा मेंढ्या लहान आवारात कोंडून खुराक आणि वैरणीवर ठेवतात, गवत नीट वर आलं की सोडतात. तुमच्या फाटकाजवळच्या खरवडलेल्या जागेला तशीच विश्रांती लागेल.

माणदेशी_वाडा

सगळ्यांचे आभार. मामंजींना वाचून दाखवलं. "निम्मं बरोबर" ह्यावर डॉक्टरांवर जरा रुसलेत, पण जतकर भाऊंचं कौतुक केलं.

आता जे दिसतंय ते लिहिते. मिनरल मिक्श्चर त्याच दिवशी बंद केलं. गाभण १४ वेगळ्या काढल्या, त्यांची गव्हाण पल्याडच्या टोकाला, दुपारी एकला. बाकीच्यांचा खुराक उतरवत नेला. पहिले काही दिवस नुसता आरडाओरडा, शेजारच्या वस्तीवरनं विचारायला आले मेंढरांना झालंय काय. म्होरकी कोण ते मामंजींनी बाजेवरनंच सांगितलं, कान फाटलेली आहे ती. दोरी लावून पुढं घेतली. आता सकाळी फाटक उघडलं की सरळ खाली उतरतात आणि साडेदहापर्यंत तोंड वर काढत नाहीत. जतकर भाऊ, फाटकं खरंच एका कोपऱ्यात आहेत, सुगीचं काम उरकलं की दोन हलवते.

पण दोन शंका आहेत. गाभण मेंढ्या मारवेलपेक्षा स्टायलोच शोधत बसतात, विशेषतः सकाळी. स्टायलो संपून जाईल का? आणि चैतात विहिरीचं पाणी उतरलं की हे सगळं गवत वाळणार, तेव्हाही खुराक असाच कमी ठेवायचा?

निवृत्त_पशुवैद्य (फलटण)

मामंजींना सांगा, पाऊण बरोबर. म्होरकीमुळे वाढवलं.

स्टायलोचं असं आहे की मेंढीला द्विदल आवडतंच, ते लवकर पचतं. इंग्लंडमध्ये गवत आणि क्लोव्हर हा तिकडचा द्विदल चारा शेजारी शेजारी लावून मेंढ्यांना मोकळं सोडून बघितलंय. निवड हातात असताना त्या क्लोव्हर जास्त खातात, पण नुसतं तेवढंच खात नाहीत, दिवस कलेल तसं गवताकडे वळतात. तुमच्याकडे सकाळी स्टायलो आणि संध्याकाळी मारवेल दिसत असेल तर ते त्याच स्वभावाचं आहे. काळजी एवढीच घ्या की एका भागात मेंढ्या फार दिवस ठेवायच्या नाहीत. मारवेल चार बोटं उरला की पुढच्या भागात. जास्त दिवस राहिल्या की नवी फुटलेली स्टायलोची पालवी परत परत खाल्ली जाते आणि झाड खचतं. खाल्लेल्या भागाला पाच-सहा आठवडे मोकळं सोडा. स्टायलोचं थोडं बी पडू द्या, ते पुढच्या पावसात उगवतं.

चार बोटांचं दुसरं कारण जंत. जंतांच्या अळ्या गवताच्या खालच्या दोन इंचांत जास्त असतात आणि दवाबरोबर पानावर चढतात. फाटकाजवळ जे मातीपर्यंत खरवडलंय तिथल्या मेंढ्या गवतापेक्षा अळ्याच जास्त खात होत्या. थंडीत दव उतरल्यावर सोडा, अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी चालेल. मामंजींना हे पटेल, जुने मेंढके दवात मेंढरू सोडत नाहीत.

चैताचं उत्तर मात्र उलटं आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. हिरव्या गवतावर खुराकानं चरणं कमी होतं. वाळलेल्या गवतावर योग्य खुराकानं ते वाढतं. वाळलेल्या मारवेलमध्ये प्रथिन सहा-सात टक्क्यांच्या खाली आलं की कोठीतले जंतूच उपाशी राहतात, गवत पचत नाही, पोट गच्च राहतं आणि मेंढी वाळक्या गवतात उभी राहून वाळत जाते. तेव्हा तिला पेंड द्या, मका नव्हे. दिवसाला शंभरेक ग्रॅम सरकी किंवा शेंगदाणा पेंड जंतूंना पुरते. जंतू वाढले की तंतू पचतो, पोट लवकर रिकामं होतं आणि मेंढी तेच वाळकं गवत जास्त खाते. ती पेंड एका दिवसाआड दुप्पट दिली तरी जवळपास तेवढाच उपयोग होतो, पर्थकरांनी सांगितलं ते ह्याच कारणानं जमतं. मका असा एका दिवसाआड दुप्पट द्यायचा नाही. पेंडीऐवजी युरिया घालायचं तर नावच काढू नका, मोजण्यात चूक झाली की मेंढी तासाभरात जाते. हाताशी सुबाभूळ किंवा शेवरीचा पाला असेल तर पेंड आणखी कमी होईल. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच, जास्त झाली तर लोकर गळते.

खुराक पुरेसा आहे की जास्त, हे विचारायला इथे यायची गरज नाही. सकाळी बांधावर बसा आणि दर दहा मिनिटांनी मोजा, किती मेंढ्यांची डोकी खाली आहेत. आठच्या सुमारास निम्म्याहून जास्त डोकी वर दिसली तर खुराक जास्त होतोय किंवा चुकीच्या वेळी जातोय. सगळ्यांची डोकी खाली आहेत पण संध्याकाळी कूस खोलच दिसते, तर गवत कमी पडतंय. मामंजींना बाजेवरून हे काम देता येईल.

जतचा_माडग्याळकर

चैतात पेंड चालू करताना कोरड्या गवताबरोबर पाणी डबल लागतंय, ते विसरू नका. आणि मोकळ्या ज्वारीच्या रानात नंतर जी हिरवी फूट येती, तिथं भुकेलं बकरं अजिबात घालू नका. आमच्याकडं त्या फुटीनं खांडच्या खांड आडवी झालेली म्हातारी माणसं सांगत्यात.

माणदेशी_वाडा

ज्वारीच्या फुटीचं मामंजींना माहीत होतं, मला नव्हतं. डोकी मोजायचं काम त्यांनी घेतलंय, पण दहा मिनिटांनी नाही, विडी संपली की मोजतात. आजचा हिशेब त्यांनी दिलाय तो असा, ३८ पैकी पाच वर, त्यातली एक कान फाटकी.

डॉक्टरसाहेब, त्या गरीब दोन-तीन अजून भरल्या नाहीत. आता गव्हाणीवर जागा आहे, खातातही, तरी बरगड्या लागतात. जंताचं औषध पाजू का?

निवृत्त_पशुवैद्य (फलटण)

आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. आतून लालगुलाबी असेल तर रक्त शोषणाऱ्या जंताचा त्रास कमी, पांढरट असेल तर जास्त. मग तिघींच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या डब्यांत घालून तालुक्याच्या दवाखान्यात द्या आणि गाभण आहेत हे सांगा, कारण सगळी औषधं गाभण मेंढीला चालत नाहीत. पापणी पांढरीफटक दिसली तर तपासणीच्या निकालाची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना वस्तीवर बोलवा. आंत्रविषाराची लस ह्या वर्षी टोचली होती का, तेही त्यांना सांगा.